पळीभर तेल आणि अठरा रविवार

प्रति,
जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील सार्वजनिक वाचनालयांच्या कार्यकारी मंडळांचे सन्माननीय अध्यक्ष, चिटणीस, सभासद आणि ग्रंथपाल यांस,



ज्या माणसाने आयुष्याची चाळीसएक वर्षे खानदेशातील वाचनालयांच्या बाकांवर काढली, ज्याच्या नावापुढे विलंबशुल्काच्या नोंदी अनेकदा पडल्या, आणि ज्याने वार्षिक सर्वसाधारण सभेत गणपूर्तीपुरती हजेरी लावण्यापलीकडे संस्थेच्या कारभारात कधी तोंड घातले नाही, अशा एका साध्या सभासदाने आपणांस जाहीर पत्र लिहावे यात थोडे धार्ष्ट्य आहे, हे मी प्रारंभीच कबूल करतो. परंतु जी गोष्ट एका वाचनालयाच्या सूचनापेटीत टाकण्याजोगी असती ती मी तेथेच टाकली असती. माझे म्हणणे एका गावापुरते नाही. ते भुसावळपासून साक्रीपर्यंत आणि चोपड्यापासून चाळीसगावपर्यंत सर्वांना सारखेच लागू आहे, म्हणून ते सर्वांसमक्ष मांडणे मला अधिक सरळपणाचे वाटले.

आपला प्रांत कापूस, केळी आणि सराफीत रमणारा, ग्रंथांशी त्याचे सख्य बेताचे, असा एक समज पुण्या-मुंबईकडे बराच काळ प्रचलित आहे, आणि आपल्यापैकी काहींनी तो विनयाने स्वीकारलाही आहे. वस्तुस्थिती त्याला दुजोरा देत नाही. जळगावचे वल्लभदास वालजी जिल्हा वाचनालय १८७७ सालचे आहे. म्हणजे खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे १९०६ साली झाले, त्याच्या कितीतरी आधी या भूमीत वर्गणी भरून वाचणारी माणसे होती. १९०७ साली जळगावात पहिले कविसंमेलन भरले तेव्हा धरणगावच्या ज्या सतरा वर्षांच्या पोराला 'बालकवी' ही पदवी मिळाली, तो याच मातीतला. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले, आणि दहा दिवसांच्या आत, जानेवारी १९२७ मध्ये, धुळेकरांनी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे केले. थोर माणसाच्या मृत्यूनंतर ठराव करून थांबणाऱ्या आपल्या देशात ही तत्परता विरळा म्हटली पाहिजे. शंकर श्रीकृष्ण देवांनी गावोगावच्या मठांतून जमवलेली रामदासी हस्तलिखिते धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात नांदत आहेत. साहित्य संमेलनाचे म्हणाल, तर जळगावने १९३६ साली माधव जूलियनांचे आणि १९८४ साली शंकरराव खरातांचे स्वागत केले, धुळ्याने १९४४ साली मामा वरेरकरांचे, आणि अमळनेरने १९५२ व २०२४ असे दोनदा हा मांडव आपल्या दारी घातला.

मात्र मांडव चार दिवसांत उतरतो आणि वाचनालयाचे दार वर्षभर उघडे असावे लागते. संमेलनाला लोटणारी गर्दी त्यानंतरच्या सोमवारी कोठे जाते, हा प्रश्न मला गेली काही वर्षे छळतो आहे, आणि त्याचे उत्तर शोधताना घडलेला एक लहानसा प्रसंग या पत्राचे निमित्त झाला.

एका तालुक्याच्या गावी (गावाचे नाव सांगत नाही, कारण दोष त्या एका गावाचा नव्हे) मी एका खानदेशी कवीचा संग्रह मागितला. ग्रंथपालांनी दाखल नोंदवही उघडली, पुस्तकाचा क्रमांक सापडला, ते ज्या काचेच्या कपाटात होते ते कपाटही त्यांनी मला आदराने दाखवले. आम्ही दोघे त्या पुस्तकाच्या पाठीवरची सोनेरी अक्षरे काचेतून वाचत उभे राहिलो. कपाटाची किल्ली एका पदाधिकाऱ्यांकडे होती आणि पदाधिकारी लग्नाला गेले होते. दुसऱ्या खेपेस ते लग्नाहून परतले होते, पण किल्ली घरी राहिली होती. तिसऱ्या खेपेस पुस्तक हाती आले, तेव्हा त्याच्या शेवटच्या पानावरील देवघेवीच्या चिठ्ठीवर गेल्या कित्येक वर्षांत एकही तारीख पडलेली नव्हती. शेजारच्या दालनात त्या वेळी वीस-पंचवीस मुले माना खाली घालून बसली होती; परंतु त्यांच्यापुढे वाचनालयाचे एकही पुस्तक नव्हते. स्पर्धापरीक्षेची मार्गदर्शके ती घरून घेऊन आली होती, आणि वाचनालयाकडून त्यांना हवा होता तो पंखा, दिवा आणि शांतता. त्या मुलांची मी निंदा करीत नाही. ज्या घरात अभ्यासाला कोपरा मिळत नाही त्या घरातील मुलाला टेबल देणे हे पुण्यकर्मच आहे. पण एका बाजूस पुस्तके कुलुपात आणि दुसऱ्या बाजूस वाचक उघड्यावर, व मधली भिंत ओलांडण्याचे कोणालाच सुचू नये, हे दृश्य मला अस्वस्थ करून गेले.

माझ्या अल्पमतीप्रमाणे दोष आळसाचा नाही. १९६७ साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम झाला, त्याने खेडोपाडी वाचनालये उभी राहिली आणि अनुदानाचा आधार मिळाला, हे उपकार विसरण्याजोगे नाहीत. परंतु अनुदानाबरोबर अ, ब, क, ड ही वर्गवारी आली, वर्गवारीबरोबर तपासणी आली, आणि तपासणीबरोबर अशी मनोवृत्ती आली की नोंदवही बिनचूक असली, ग्रंथसंख्या पुरी भरली आणि ताळेबंद जुळला म्हणजे कर्तव्य संपले. तपासणीस येणारे अधिकारी वर्षातून एखादे वेळी येतात; वाचक रोज येऊ शकतो; तरीही आपली सारी सज्जता पहिल्यासाठी असते. पुस्तक हरवले तर जबाब द्यावा लागतो आणि पुस्तक न वाचता राहिले तर कोणी विचारीत नाही, अशी व्यवस्था असली म्हणजे शहाणा माणूस कपाटाला कुलूपच लावणार. म्हणून मी कोणाला बोल लावीत नाही. मी एवढेच सुचवू इच्छितो की वाचनालयाने कार्यक्रम कसे करावेत आणि कोणास काय वाचावयास सांगावे, याचे धडे घेण्यासाठी आपणांस दूर जावे लागणार नाही. ते आपल्याच दोन जिल्ह्यांच्या इतिहासात लिहिलेले आहेत.

पहिला धडा धुळ्याच्या तुरुंगातला. २१ फेब्रुवारी १९३२ ते १९ जून १९३२ या काळात विनोबांनी तेथील राजबंद्यांपुढे गीतेवर प्रवचने केली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली, हे आपण सर्व जाणतो. 'गीता प्रवचने' हे पुस्तक त्यातून झाले. पण पंचांग घेऊन पाहिले तर एक मौज ध्यानी येते. पहिला दिवस रविवार आहे, शेवटचा दिवसही रविवार आहे, आणि त्या दोहोंच्या दरम्यान मोजून अठरा रविवार पडतात. अध्याय अठरा, रविवार अठरा. फाल्गुनाच्या उंबरठ्यापासून मृगाच्या पावसापर्यंत, खानदेशातील अंगाची लाही करणाऱ्या उन्हाळ्यात, एका ग्रंथाची संगत अठरा आठवडे धरून ठेवणारी ती सभा कोणत्याही सभागृहात झाली नाही. तिला सत्कारमूर्ती नव्हते, नारळ-शाल नव्हती, आभारप्रदर्शनही बहुधा नव्हते. आमच्या वाचनालयांचे कार्यक्रम मी आठवू लागतो तेव्हा १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, एखादी व्याख्यानमाला, एखादा ग्रंथोत्सव एवढेच डोळ्यांपुढे येते. प्रत्येक दिवस साजरा होतो, छायाचित्र निघते, वृत्त छापून येते, आणि दुसऱ्या दिवशी पुस्तकाची मागणी पूर्वीइतकीच राहते. उत्सव हे वाचनाचे निमंत्रण होऊ शकते. निमंत्रणालाच भोजन समजण्याची चूक आपल्याकडून झाली आहे.

म्हणून माझी पहिली विनंती: प्रत्येक वाचनालयाने वर्षातून एकदा, एकाच पुस्तकाचे, अठरा रविवार करावेत. सकाळी उन्हे चढण्यापूर्वी एक तास. एकाने मोठ्याने वाचावे, इतरांनी ऐकावे, मग ज्याला जे सुचेल ते त्याने बोलावे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' अशा श्रवणासाठी जणू सिद्धच आहेत. त्यांतील वाक्ये ओसरीवर बसून सांगितल्यासारखी आहेत. कपाशीच्या भावाची चिंता करणाऱ्या शेतकरी मंडळींपुढे जोतीराव फुल्यांचा १८८३ सालचा 'शेतकऱ्याचा असूड' प्रकरणवार वाचून पाहा. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या पुस्तकात कर्ज, कचेरी आणि कुळ यांची जी हकिकत आहे तिच्यावर श्रोते गप्प बसून राहतील, असे मला वाटत नाही. शंकरराव खरात जळगावच्या संमेलनाचे अध्यक्ष होऊन गेले, त्यांचे आत्मकथन 'तराळ-अंतराळ' १९८१ साली प्रसिद्ध झाले. अध्यक्षांच्या गळ्यात आपण हार घातले, आता त्यांचे जीवन कानांवर घालून घ्यावे, हे ऋण अजून फिटावयाचे आहे.

दुसरा धडा असोद्याच्या लेकीचा. बहिणाबाई चौधरी १८८० साली असोद्यास जन्मल्या, जळगावात नांदल्या, १९५१ साली तेथेच निवर्तल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. जात्यावर, शेतात, चुलीपुढे त्यांनी रचलेली गाणी घरच्यांनी ऐकून कागदावर उतरवली, पुत्र सोपानदेवांनी ती आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली त्यांचे पुस्तक झाले. ज्या जिल्ह्यातून मराठी कवितेचे एवढे मोठे धन निघाले, त्या धनाची स्वामिनी आपल्या वाचनालयाच्या अर्जावर सही करू शकली नसती आणि म्हणून नियमाप्रमाणे सभासदही होऊ शकली नसती, हा विचार एकदा तरी प्रत्येक कार्यकारी मंडळाच्या बैठकीत इतिवृत्तावर नोंदवला जावा. आज आपल्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. विद्यापीठाला नाव देणे सोपे. त्यांच्यासारख्या बाईला वाचनालयाच्या सतरंजीवर जागा देणे अवघड, कारण त्यासाठी वेळा बदलाव्या लागतात. जी स्त्री सकाळी शेतात आणि सायंकाळी चुलीपुढे असते, तिच्यासाठी दुपारी दोन ते चार हीच काय ती मोकळीक. आणि नेमक्या त्याच वेळी आपले दार मधल्या सुटीसाठी बंद असते. आठवड्यातून दोन दुपारी ते उघडे ठेवावे, एखाद्या शिकलेल्या सुनेने वा मुलीने वाचावे, आणि ऐकणाऱ्यांपैकी कोणाच्या मुखी ओव्या, गुलाबाईची गाणी, कानबाईची गाणी असतील तर ती वहीत उतरवून घ्यावीत. अशी वही हे वाचनालयाचे स्वतःचे प्रकाशन होईल. जे वाचनालय गावाचे ऐकत नाही त्याने गावाला वाचावयास सांगू नये, असे माझे नम्र मत आहे.

येथे भाषेचा प्रश्न ओघाने येतो. आपल्या वाचकाचे ओठ अहिराणी, तावडी किंवा लेवा बोली बोलतात. सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा, यावल, शिरपूर या बाजूस पावरी आणि भिल्ली चालते. भुसावळला रेल्वेने साऱ्या देशाची माणसे आणून बसवली. जळगाव-धुळ्याच्या कित्येक मोहल्ल्यांत उर्दू वाचली जाते, आणि सुरतेच्या वाटेने आलेली गुजराती पेढ्यांच्या वहीखात्यांत मुरली आहे. असे असता आमच्या कपाटांत प्रमाण मराठीखेरीज काही शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. रमेश सूर्यवंशी यांच्यासारख्या अभ्यासकाने अहिराणीचा शब्दकोश सिद्ध करून दिला असता, तो आपल्या संदर्भ विभागात ठेवून ग्रंथपालांनी त्याच्या आधारे मुलांना आजीच्या शब्दांचे अर्थ शोधावयास लावणे यास खर्च काहीच नाही. पाड्यावरचे मूल प्रथम आपल्या बोलीत गोष्ट ऐकते, मग ती मराठीत वाचते. हा क्रम उलटा केला की मूल पुस्तकाला बिचकते, आणि आपण म्हणतो की त्याला वाचनाची आवड नाही.

तिसरा धडा माझ्या गावचा. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि छात्रालयाची देखरेख त्यांच्याकडे होती. मुलांसाठी ते एक हस्तलिखित दैनिक काढीत. कोणी पाहत नसताना, दिवस उगवण्यापूर्वी, स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवीत, आणि मुले उठली की ते वाचीत. 'श्यामची आई'चा लेखक म्हणून आपण त्यांना पूजतो. पण ग्रंथपालांसाठी खरा आदर्श मला त्या दैनिकात दिसतो. मुलांना काय वाचायला द्यावे हे ठरवण्यासाठी त्यांनी यादी मागवली नाही. ज्या मुलांबरोबर ते राहत, जेवत, ज्यांच्या आजारपणात उशाशी बसत, त्या मुलांसाठी त्यांनी लिहिले. शिफारस करण्याचा अधिकार वाचकाला ओळखण्यातून येतो. 'वाचनीय पन्नास पुस्तके' अशी जी फेरिस्त शहरांतून छापून येते आणि आपण सूचनाफलकावर डकवतो, तिच्यात दोष पुस्तकांचा नसतो. ती कोणासाठीही लिहिलेली नसते म्हणून ती कोणालाच लागू पडत नाही. शियाळी रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली त्यांचा मथितार्थ हाच, की पुस्तकाची गाठ त्याच्या नेमक्या वाचकाशी पडावी आणि त्यात वाचकाचा वेळ वाया जाऊ नये. ही गाठ फलक घालून देऊ शकत नाही. ती घालून देणारा माणूस लागतो.

म्हणून दुसरी विनंती: दाराशी एक फळी असावी आणि तीवर हाताने लिहिलेली शिफारसपत्रे असावीत, ग्रंथपालांची नव्हेत, सभासदांची. नावाऐवजी व्यवसाय लिहिला तरी चालेल. रावेरच्या केळीच्या बागाइतदाराने महानोरांच्या 'रानातल्या कविता'बद्दल दोन ओळी लिहाव्यात. तो संग्रह १९६७ सालचा, आणि कवी अजिंठ्याच्या डोंगराकडचा शेतकरी, म्हणजे जवळपास शेजारचाच. बाजारपेठेतील मुनिमाने, रेल्वेच्या गँगमनने, परिचारिकेने, दहावीतील मुलीने आपल्याला आवडलेल्या पुस्तकाची चिठ्ठी लावावी. आणि अभ्यासिकेतील त्या वीस-पंचवीस मुलांच्या दृष्टीस पडेल अशा जागी कोणीतरी 'कोसला'ची चिठ्ठी लावावी. यावल तालुक्यातील सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांनी ती कादंबरी पंचविशीत लिहिली, १९६३ साली ती आली. तिचा नायक सांगवीहून पुण्याला शिकायला जातो आणि त्याचे पुढे जे होते ते होते. जो तरुण परीक्षेच्या चौथ्या प्रयत्नास बसला आहे, ज्याच्या बापाने कापूस विकून त्याला पैसे पाठवले आहेत, आणि ज्याला रात्री झोप येत नाही, त्याला ही कादंबरी धीर देईल की नाही हे मी सांगू शकत नाही. पण आपल्यासारखाच एक मुलगा आपल्याच मुलखातून पूर्वी गेला होता, एवढे त्याला निश्चित कळेल. मार्गदर्शकांत ते छापलेले नसते.

चौथा धडा राजवाड्यांचा, आणि तो पायपिटीचा आहे. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे जे बावीस खंड झाले, त्यांचे कागद कोणी त्यांच्या दारी आणून टाकले नव्हते. गावोगाव हिंडून, वाड्यांच्या माळ्यांवर चढून, उंदरांनी अर्धी खाल्लेली दप्तरे त्यांनी मिळवली. ग्रंथ शोधायला माणूस जातो, तसाच वाचक शोधायलाही जावे लागते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी हे ओळखले होते. आपल्या शेजारच्या मालेगाव तालुक्यातील कवळाणे गावचा तो मुलगा १८७५ साली दत्तक जाईपर्यंत निरक्षर होता. पुढे त्यानेच १९१० साली अमेरिकेहून विल्यम बोर्डन नावाच्या ग्रंथालयतज्ज्ञास बोलावून संस्थानात ग्रंथालयांचे जाळे विणले आणि खेड्यांतून पुस्तकांच्या फिरत्या पेट्या धाडल्या. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' योजनेतही पेटीच आहे. तेव्हा पेटीची कल्पना जुनी आणि कसोटीस उतरलेली आहे. आपण तिला फक्त खानदेशाचे पंचांग जोडून द्यावयाचे आहे.

त्या पंचांगातला सर्वांत मोठा सण आखाजी. त्या दिवसांत घरोघरच्या माहेरवाशिणी परत येतात, झाडाला झोके बांधले जातात, गाणी होतात. सासरी ज्या मुलीच्या हाती वर्षभर पुस्तक पडले नसेल, तिला माहेरी मिळालेले आठ-दहा दिवस हे वाचनाचे सोन्यासारखे दिवस होत. आणि आमचा नियम असा की अनामत रकमेवाचून आणि स्थानिक रहिवासाच्या दाखल्यावाचून पुस्तक द्यावयाचे नाही. गावची लेक ही गावची रहिवासी नव्हे, असे म्हणण्याची छाती आपल्यापैकी कोणाची आहे? आखाजीला 'माहेरवाशिणीची पेटी' काढावी, बापाच्या किंवा भावाच्या जबाबदारीवर अनामतीवाचून पुस्तके द्यावीत. दोन-चार परत आली नाहीत, तर ती सासरी गेली असे समजावे. मुलीबरोबर सासरी पुस्तक गेले तर वाचनालयाचे नुकसान झाले असे मी तरी मानणार नाही. तसेच आठवडे बाजाराच्या दिवशी बाजारात एक टेबल मांडावे. ज्या खेड्यात वाचनालय नाही तेथील माणूस त्या दिवशी हटकून तालुक्याला येतो. दिवाळी अंकांची योजना आपण सर्वत्र चालवतोच. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढल्यापासून मराठी माणसाला जी गोडी लागली ती अजून टिकून आहे. पण सभासदांनी वाचून झालेले ते अंक पुढे रद्दीत जाण्यापेक्षा पेटीत भरून सातपुड्याच्या आश्रमशाळांत आणि जिल्हा कारागृहांत गेले, तर १९३२ सालच्या त्या तुरुंगाचे थोडेसे देणे फिटेल. आणि हिवाळ्यात, जेव्हा शेताशेतांतून भरिताची निमंत्रणे सुटतात, तेव्हा जुनी मोडी कागदपत्रे घरात असलेल्या कुटुंबांना ती घेऊन यावयास सांगावे, धुळ्याच्या मंडळाच्या साहाय्याने मोडीचा एक वर्ग भरवावा. आजोबांच्या खरेदीखताचे पहिले वाक्य स्वतः वाचता आले की माणूस इतिहासाचा वाचक होतो, त्याला वेगळा उपदेश लागत नाही.

आता आपण म्हणाल, हे सर्व ठीक, पण पैसा? प्रश्न रास्त आहे. ग्रंथपालांना मिळणारे मानधन पाहता त्यांच्याकडून अधिक तासांची अपेक्षा करणे लाजिरवाणे आहे, हे मी जाणतो. महाराष्ट्राच्या अधिनियमात ग्रंथालयासाठी वेगळा कर नाही. जे यावयाचे ते अनुदानातून, आणि ते येईल तेव्हा. या बाबतीत मी आपणांस चाळीसगावाजवळच्या पाटण गावी घेऊन जातो. तेथील शिलालेख भाऊ दाजी लाडांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. इ. स. १२०७ मध्ये भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आपल्या आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापला आणि त्या प्रदेशाच्या निकुंभ घराण्यातील अधिपतींनी त्यास दान दिले. लेखाचा बहुतेक भाग संस्कृत आहे. पण दानाचा तपशील आला की भाषा मराठी होते, कारण तो तपशील ज्यांनी पाळावयाचा ते पंडित नव्हते. ते तेली, दुकानदार आणि गिऱ्हाईक होते. त्यात असे सांगितले आहे की गावात जितके घाणे चालतील तितक्यांमागे पळीपळी तेल मठाला द्यावे.

गणित आणि ज्योतिष यांच्या ग्रंथांची ती पाठशाला, म्हणजे आपल्या मुलखातील ग्रंथाध्ययनाच्या संस्थेची ही आठशे वर्षांपूर्वीची आर्थिक तरतूद. तिच्यात राजाची देणगी आहे, पण राजाच्या देणगीवर सारा भार टाकलेला नाही. बाजाराचा प्रत्येक घाणा त्यात पळीभर सहभागी आहे. 'सिद्धान्तशिरोमणी' त्या तेल्याने उघडला नसेल, त्याला तो कळलाही नसता. तरी त्या ग्रंथापुढे जो दिवा जळत असेल त्यात आपलेही तेल आहे, एवढे तो जाणत होता, आणि म्हणून तो मठ त्याचाही होता. जळगावच्या डाळमिलवाल्यांनी, सराफांनी, कापसाच्या आडत्यांनी, धुळ्याच्या व्यापाऱ्यांनी आणि दोन्ही महानगरपालिकांनी आपल्या उलाढालीतून पळीभर काढले, तर मोठ्या देणगीची आणि तिच्याबरोबर येणाऱ्या संगमरवरी पाटीची गरज उरणार नाही. मोठा दाता वाचनालयाला इमारत देतो. लहान दाते त्याला गाव देतात. मात्र त्यांच्यापुढे झोळी घेऊन जाण्याआधी दाखवण्याजोगे काही हाती असावे. वर्षअखेरच्या अहवालात ग्रंथसंख्येच्या शेजारी आणखी एक रकाना असावा: यंदा किती पुस्तके पहिल्यांदाच वाचली गेली. तो रकाना भरू लागला की तेल आपोआप येईल, असा माझा विश्वास आहे.

पत्र लांबले, याची क्षमा असावी. केवळ सल्ला देऊन मोकळे होणाऱ्यांच्या पंक्तीत बसण्याची माझी इच्छा नाही, म्हणून शेवटी माझ्या वाट्याचे सांगून टाकतो. निवृत्तिवेतनातून दरमहा अल्पशी रक्कम मी माझ्या वाचनालयास देण्यास आरंभ केला आहे. तिला वर्गणी न म्हणता पळी म्हणावे. येत्या माघाच्या अखेरीपासून अठरा रविवार मी मोकळे ठेवले आहेत. डोळे अधू झाले असले तरी आवाज शाबूत आहे, आणि 'स्मृतिचित्रे' मोठ्या टाइपात मिळवून ठेवली आहेत. सतरंजी घरून आणतो. ऐकायला पहिल्या दिवशी चौघे आले तरी पुरे. दुसऱ्या रविवारी त्यांनीच आणखी चौघांना आणावे.

एवढेच कळवावे की रविवारी सकाळी सात वाजता कपाटाची किल्ली कोणाकडे असेल.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला नम्र,
अमळनेरचा एक जुना सभासद